जानेफळच्या पत्रिकेतला फोटो

सप्ताहाची पत्रिका हातात आली की लोक आधी तारखा पाहतात. मी फोटो पाहतो. सात दिवसांचे सात कीर्तनकार, नावाआधी ह.भ.प. आणि नावावर चौकटीत एक चेहरा. चाळीस वर्षं मी या चौकटी पाहत आलो. त्यातल्या कितीतरी चेहऱ्यांनी मला हसवलं, रडवलं. पाण्याच्या मोटारींच्या रिवाइंडिंगपलीकडे काही न कळणाऱ्या माणसाला त्यांनी जगायच्या चार गोष्टी शिकवल्या. म्हणून जानेफळच्या सप्ताहात पाचव्या दिवसाचं कीर्तन आमच्या पूनमचं ठरलं, तेव्हा मी दुकानातल्या तसबिरीपुढे मूठभर साखर ठेवली आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चिमूट चिमूट वाटली.

पूनम माझी भाची. शाळेला म्हणून पिंपळगाव राजाला आमच्याकडे आली आणि आमचीच झाली. दहावीनंतर आळंदीला जाऊन शिकली. आता बावीस वर्षांची आहे. रंगानं सावळी, अगदी माझ्या आईसारखी. आवाज असा की पहिलं भजन उचललं की मागची बोलणारी माणसं आपोआप गप्प होतात.

जानेफळचे दयारामभाऊ सप्ताहाच्या मंडळाचं काम पाहतात. त्यांचा सकाळीच फोन आला. "ताईचा फोटो तेवढा पाठवा. सहा वाजता पत्रिका छापाले जाऊन राह्यली. बाकी साऱ्यायचे आले."

मी म्हटलं, "पाठवतो ना, आताच."

आणि पूनम म्हणाली, "मी नाई देत फोटो."

कारण मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी तिनं तालुक्याच्या एका स्टुडिओत फोटो काढला होता. फोटो हातात आला तेव्हा तो पूनमचा आहे हे आम्हाला दागिन्यांवरून ओळखावं लागलं. इतकी गोरी केली होती की नाकाची रेघसुद्धा पुसली गेली होती. तोच फोटो एका गावानं मोठ्या फलकावर छापला. ती तिथं उतरली तर न्यायला आलेली माणसं तिच्या अंगावरून पुढं निघून गेली. तासभर ती देवळाच्या पायरीवर बसून राहिली. शेवटी एक बाई दुसरीला म्हणाली, "फोटोतली तं गोरी होती व." कीर्तन छान झालं. पण घरी आल्यावर पूनम जेवली नाही.

"मामा," ती त्या दिवशी म्हणाली होती, "मी दोन तास खरं बोला म्हणून सांगत होती. आणि माह्याच डोक्यावर माहा खोटा फोटो टांगला होता."

मी तो फोटो दुकानाच्या खणात पालथा ठेवून दिला होता.

आता ती म्हणाली, "माह्यासारखा येत असन तं द्या. नाई तं दयारामभाऊले सांगा, पाचवा दिवस दुसऱ्या कोणाले द्या. मी जात नाई."

बोलणं शांत होतं. ती चिडली असती तर मी समजूत घातली असती. शांत माणसाची समजूत घालता येत नाही.

तेवढ्यात माझी सून सुचिता बाहेर आली. ती घरी कुर्त्या शिवते आणि त्यांचे फोटो काढून लोकांना पाठवते, त्यामुळे फोनच्या कॅमेऱ्याची तिला चांगली माहिती आहे. तिनं लगेच पूनमला अंगणात उभं केलं. डिसेंबरचं ऊन, पण डोळे मिटायला लावणारं. पूनमचे डोळे बारीक झाले, नाकाची काळी सावली ओठावर पडली. मग घरात घेतलं. आमचं घर टिनाचं आणि खिडक्या लहान. फोटोत पूनम आली, पण गालावर साय धरल्यासारखी.

"पाहा, तुहाही फोन गोरं करते," पूनम म्हणाली.

"ते चेहरा उजळ करायचं मी बंद केलं हाये, खरंच सांगते ताई," सुचिता हसत म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाबा, अंधार असला की फोन आपल्या मनानंच रंगवते. भरपूर उजेड दिला तं त्याले खोटं बोलाचं कामच पडत नाई. पण उजेड नरम पाहिजे. बल्ब उघडा नको. स्टुडिओत मोठमोठ्या पेट्या असतात तशा. त्या लय महाग येतात."

मी म्हटलं, "पेटीच पाहिजे ना? मग मी कायचा मोटारवाला?"

दुकानाच्या मागच्या खोलीत दोन रिकामे तेलाचे डबे पडले होते, पंधरा लिटरचे. त्यांची एक बाजू मी कात्रीनं कापली, डबे राखेनं आतून घासून लख्ख केले. प्रत्येकात तीन होल्डर बसवले, वायर ओढली. कापलेल्या तोंडावर माझं जुनं धोतर दुपदरी करून ताणलं आणि सुतळीनं आवळलं. दोन बादल्यांत वाळू भरून बांबू उभे केले, त्यांच्या टोकाला डबे बांधले, तोंड जरा खाली वाकवून. गौरीच्या सजावटीतला थर्माकोलचा तुकडा एका बाजूला उभा केला, उजेड परतून यायला. मागच्या भिंतीवर घोंगडी टांगली, म्हणजे मोटारींचा पसारा दिसू नये. जे लागलं ते घरातच सापडत गेलं. एकेक वस्तू हाताशी येत गेली तसं मी मनात म्हणत होतो, माउली, ठेवलंस तू सगळं, मला फक्त दिसत नव्हतं.

बटण दाबलं. खोली दुधासारखी उजळली. माझी बायको सोजरा दारात आली आणि म्हणाली, "अव माय! नवरी आणाची हाये काय इथं?"

पूनम हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू.

पण सुचितानं फोन धरला आणि कपाळाला आठी घातली. पडद्यावर पूनमच्या अंगावरून काळे पट्टे सरकत होते, नांगराच्या तासांसारखे. हा दोष ओळखायला मला वेळ लागला नाही. मी बाजारातले स्वस्त बल्ब लावले होते. ते विजेबरोबर थरथरत जळतात. माणसाच्या डोळ्याला कळत नाही, फोनच्या डोळ्याला कळतं. चांगले बल्ब सहा लागणार होते. मी उठलो आणि स्वयंपाकघरातला काढला, ओसरीतला काढला, सुचिताच्या शिलाई मशीनवरचा काढला, न्हाणीतला काढला, दुकानाच्या टेबलावरचा काढला.

देवघराकडे वळलो तर सोजरा आडवी. "देवाले अंधारात ठेवता काय हो?"

"दिवसा कायचा अंधार, सोजरा?"

"देवाले दिवस-रात नसते, असं तुमीच सांगता कीर्तनातून आल्यावर." असं म्हणून ती स्टुलावर चढली आणि देवघरातला बल्ब स्वतःच काढून पदरानं पुसून माझ्या हातात दिला. "हा पोरीच्या तोंडासमोर लावा. त्याले सवय हाये."

पट्टे गेले.

आता राहिली उभं राहायची जागा. खोलीत नुसता कोबा, त्यावर तेलाचे डाग, तांब्याच्या तारांचे तुकडे. कीर्तनकाराला असं उभं करायचं? फोटो असला म्हणून काय झालं? पांढरं पातळ नेसून, गळ्यात तुळशीची माळ घालून, कपाळी गंध लावून ती आली की ती माझी भाची राहत नाही, तिथं नारदाची गादी असते. मी मारुतीच्या देवळातून आमची लाल जाजम आणली. सप्ताहात टाळकरी जिच्यावर उभे राहतात तीच. झटकली आणि पूनमच्या पायाखालून पार दिव्यांपर्यंत अंथरली. मनाला बरं वाटलं. मग सोजराला दारात बसवलं. "कोणाले आत सोडू नको. माणसं पाहिली की पोरगी लाजते."

सुचितानं फोटो काढला. पाहिला. अजून एक काढला.

"बाबा, लाल येऊन राह्यलं."

"काय लाल?"

"पूनमताई. पाहा ना."

मी पाहिलं. फोटो कमरेपासून वरचा. पांढरं पातळ गुलाबी दिसत होतं. हनुवटीखाली, गालाच्या खालच्या बाजूला, भाजल्यासारखी तांबूस झाक. जणू पूनम शेकोटीपुढं उभी आहे.

मला वाटलं, विजेचा दाब कमी-जास्त होत असेल. मीटर लावून पाहिलं, दाब ठीक. मग धोतरावर शंका घेतली, जुनं आहे, पिवळं पडलं असेल. सोजराकडून कोरा पंचा आणून ताणला. तेच लाल. गंध पुसून पुन्हा लावलं, कुंकवाचा डबा खोलीबाहेर ठेवला, माझ्या डोक्यावरचा भगवा रुमाल काढून मी खिशात कोंबला. सुचितानं फोनमधल्या सगळ्या खुणा दाबून पाहिल्या. एका खुणेनं लाल गेलं, पण चेहरा निळसर, मुडद्यासारखा झाला. दुसरीनं परत गोरा झाला.

एक सांगायचं राहिलं. लाली सोडली तरी त्या फोटोंत पूनम नव्हती. नाकडोळे तिचे होते, पण मान ताठ, ओठ आवळलेले, आधार कार्डावर असतात तसे. आम्ही तिघंही दिव्यांकडे पाहत होतो. तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

पाच वाजले. दयारामभाऊंचा फोन आला. "ताईचाच राह्यला, भाऊ. प्रेसवाला घाई करते. मागचा तो स्टुडिओतला हाये ना माह्याजवळ? तोच टाकू काय?"

पूनमनं ते ऐकलं. ती जाजमवर खाली बसली आणि माळ हातात घेतली.

"राहू द्या, मामा. तुमी लय केलं. एकानं गोरी केली, एकानं लाल. माह्या नशिबी माहा रंगच नाई. त्यायले सांगा, मी येत नाई म्हणा."

"थांब व जरा..."

"नाई मामा. तो फोटो लागला तं मी तिथं उभी राहून काय सांगू लोकायले?"

मी दयारामभाऊंना म्हटलं, "अर्धा तास थांबा," आणि फोन ठेवला. अर्ध्या तासात काय होणार होतं हे माझं मलाच माहीत नव्हतं. खरं सांगतो, त्या वेळी मी हात जोडले. मागितलं काही नाही. काय मागावं तेच सुचेना.

बाहेर सोजराचा आवाज चढला. "जाऊ नका म्हणलं ना आत! फोटो चालू हाये!"

"अव, वेल्डिंगसारखा उजेड पडून राह्यला रस्त्यावर! आमाले वाटलं अर्जुन्या जळते का काय आतमंदी!"

हा आवाज इंद्रभानचा, आणि अर्जुन्या म्हणजे मी. इंद्रभान सत्तरी ओलांडलेला, आमच्या गावचा जुना टाळकरी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. रोज साडेपाचला मारुतीच्या देवळात हरिपाठ असतो, त्याला निघालेली सगळी मंडळी त्याच्यामागं होती. आठ-नऊ जण, गळ्यात टाळ.

"काय बे अर्जुना," तो दारातून ओरडला, "डब्यात दिवे लावून काय कोंबड्या उबवून राह्यला काय?"

"इंद्रभानदादा, तुमी जा पुढं. पोरगी लाजते. तिचा फोटो..."

"मामा," पूनम आतून म्हणाली, "येऊ द्या त्यायले. हरिपाठाले चाललेल्या माणसाले दारातून परत लावता काय?"

तिचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. मी बाजूला झालो. मंडळी वाकून आत आली. खोली लहान, म्हणून ती सगळी जाजमवरच बसली, पूनमच्या पुढ्यात, मांडीला मांडी लावून. इंद्रभाननं डब्यांकडे, बांबूंकडे, घोंगडीकडे पाहिलं आणि मग पूनमकडे.

"काऊन व, तोंड काऊन उतरलं?"

"फोटो येत नाई, आबा."

"फोटोले उभी राह्यली असन, म्हणून नाई आला. तुले फोटोले उभं राहता येतेच कुठं? कीर्तनाले उभी राह्य."

"आता? इथं?"

"मंग आमी काय कुर्त्या शिवाले आलो?"

सगळे हसले. इंद्रभाननं टाळ गळ्यातून काढून हातात घेतले आणि एक ठोका दिला. त्या आवाजानं पूनम कशी उठली ते मी पाहिलं आहे. गुडघ्यावर हात ठेवून, माणूस खाटेवरून उठतो तशी नाही. टाळानंच तिला उभं केलं. तिनं पदर खोचला, हात जोडले आणि गजर उचलला. आठ माणसांनी तो झेलला. टिनाचं छप्पर घुमू लागलं.

मग तिनं गजर थांबवला आणि दृष्टांत लावला. एक शेतकरी बाजारातून बैल घेऊन आला. बैलाच्या शिंगांना असा रंग दिला होता की गाव पाहायला लोटलं. दुसऱ्या दिवशी नदीवर धुतला तर रंग गेला, आतून जुनी, चिरलेली शिंगं निघाली. शेतकरी बैलालाच मारायला धावला. म्हणे, फसवलं मला!

"तं बैल काय म्हणते आबा?" पूनमनं इंद्रभानला विचारलं.

"काय म्हणते माय?"

"बैल म्हणते, मालक, मी तं कालही हाच होतो. रंगाकडं पाहून हसले तुमी, आणि मार मले!"

हशा उसळला. इंद्रभान तर मांडीवर थाप मारून हसला. आणि पूनम थांबली. वाक्य टाकून कीर्तनकार थांबतो ना, ऐकणाऱ्यांच्या पोटात ते उतरेपर्यंत? तशी थांबली. मान किंचित कललेली, हसू नुकतंच ओठांवरून डोळ्यांत गेलेलं, एक हात अजून हवेत.

सुचितानं फोटो काढला.

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग तिनं खाली जमिनीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बाबा! जाजम!"

"जाजमचं काय?"

"लाल जाजमवर उजेड पडत होता, तोच उसळून ताईच्या तोंडावर जात होता. ती फोटोत येत नाई म्हणून आपलं ध्यानच नाई गेलं. आता पाहा, दिसते काय कुठं?"

मी पाहिलं. जाजम दिसत नव्हती. तिच्यावर पांढरी धोतरं होती, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. दिव्यांचा उजेड आता त्यांच्यावर पडत होता आणि त्यांच्यावरून पूनमच्या चेहऱ्यावर जात होता, स्वच्छ, मऊ. मीटर लावून, बल्ब बदलून, धोतर सोडून पंचा बांधून मला जे जमलं नव्हतं, ते हरिपाठाला निघालेल्या माणसांनी नुसतं बसून केलं होतं. आणि मी त्यांनाच दाराबाहेर ठेवायला निघालो होतो. जाजम भक्तीनंच अंथरली होती, त्यात खोट नव्हती. पण ती रिकामी अंथरली होती.

सुचितानं फोन पूनमसमोर धरला. पूनम फोटो पाहत राहिली. सावळा चेहरा, माझ्या आईकडून आलेला. नाकाची रेघ जागच्या जागी. गालावर लहानपणी पडल्याची खूण, जी स्टुडिओनं पुसली होती.

"हाव," ती हळूच म्हणाली. "हे मीच हाव."

सोजरानं डोळ्याला पदर लावला.

फोटो गेला. पाचच मिनिटांत दयारामभाऊंचा फोन. मी आवाज मोठा केला.

"भेटला भाऊ, मस्त हाये! फक्त प्रेसवाला म्हणते, चेहरा थोडा उजळ करू काय? एका बटणाचं काम हाये म्हणते."

मी पूनमकडे पाहिलं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"दयारामभाऊ, रामकृष्णहरी. पूनम बोलते."

"बोला ताई, बोला."

"त्या फोटोले हात लावू नका म्हणा. जसा हाये तसाच छापा. तुमच्या गावाले काळी कीर्तनकार चालत नसन तं आताच सांगा, मी राग नाई धरत."

तिकडून कोणाशी तरी हळू बोलल्याचा आवाज आला. आमच्या खोलीत टाळ धरलेले हात थांबले होते.

"ताई," दयारामभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता, "माही पोरगी संजीवनी इथं बाजूलेच उभी हाये. तुमचा फोटो पाहून राह्यली. तीही तुमच्याच रंगाची हाये. ती म्हणते, बाबा, हाच मोठा छापा. प्रेसवाल्याले मी सांगतो. पाचव्या दिवसाची चौकट दुप्पट करतो."

"दुप्पट नको भाऊ. साऱ्यायची असन तेवढीच ठेवा. मी येते."

मी येते. हे दोन शब्द ऐकायला मी सकाळपासून डबे कापत होतो.

फोन ठेवल्यावर मी इंद्रभानसमोर हात जोडले. "दादा, तुमचे उपकार झाले. हरिपाठाले उशीर झाला तुमाले माह्यामुळं."

"उपकार कायचे बे? आमी तं बसलो फक्त." तो उठायचं नाव घेत नव्हता. "आणि उशीर कायचा? गजर झाला, दृष्टांत झाला. एकदा गजर केला की कीर्तन मधात सोडता येते काय? काय व महाराज, सोडता येते?"

महाराज म्हटलं त्यानं तिला. ज्या पोरीला त्यानं खांद्यावर बसवून पोळा दाखवला होता, तिला. आणि सत्तरीचा तो माणूस पुढं झुकला आणि त्यानं तिच्या पायाला हात लावला, कीर्तनाच्या आधी लावतात तसा. त्याच्यामागं एकेक करून सगळे. माझाही नंबर आला. पूनम मागं सरली, "मामा, नका," म्हणाली. मी म्हटलं, "तुले नाई लावत, पोरी. गादीले लावतो." पण खरं सांगू? दोघांनाही लावला.

सोजरानं देवघरातला बल्ब परत मागितला नाही. सुचितानं फोन बाजूला ठेवला आणि मांडी घालून बसली. मी बसायला जागा पाहिली तर जाजमवर बोटभरही उरली नव्हती. म्हणून दाराजवळ कोब्यावरच टेकलो. तांब्याच्या तारेचा एक तुकडा मांडीला टोचत होता. तो काढायला हात खाली नेला, तेवढ्यात पूनमनं अभंग उचलला, आणि हात टाळीलाच गेला.